बचाव तबकडी, संगणकीय

संगणकाच्या कायम तबकडीवरील परिचालन प्रणाली चालू न करता, बाहेरून घातलेल्या दुसऱ्या तबकडीवरील प्रणालीच्या साहाय्याने संगणक सुरू करून मूळ तबकडीवरील विषाणू शोधण्यासाठी व काढून टाकण्यासाठी जी तबकडी योजतात, तिला बचाव तबकडी म्हणतात. व्यवहारात ती रेस्क्यू डिस्क, बूटेबल फ्लॉपी वा बूटेबल सीडी या नावांनी ओळखली जाते. प्रथम फ्लॉपी, नंतर सीडी व डीव्हीडी आणि त्यानंतर पेन ड्राइव्ह अशी तिची माध्यमे बदलत गेली. तिचे तत्त्व मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तेच राहिले आहे. ज्या यंत्राविषयी संशय आहे त्याची साक्ष त्याच यंत्राकडून घेता येत नाही, हे ते तत्त्व होय.

तत्त्व : संगणक सुरू होताना घडणाऱ्या घटनांचा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय या साधनाचे महत्त्व कळत नाही. आयबीएम कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकात आणि त्याच्या धर्तीवर बनलेल्या इतर संगणकांत, वीज मिळताच प्रथम केवळ-वाचन स्मृतीत साठविलेली ‘बायॉस’ ही छोटी आज्ञावली चालू लागते. ती यंत्राची जुजबी तपासणी करते आणि ठरलेल्या क्रमाने, म्हणजे आधी फ्लॉपी व मग हार्ड डिस्क याप्रमाणे, तबकडी शोधून तिच्यावरील अगदी पहिला सेक्टर मुख्य स्मृतीत उतरविते. हा सेक्टर अवघा ५१२ बाइटांचा असून त्याला प्रारंभ खंड किंवा बूट सेक्टर म्हणतात. त्यातील आज्ञा कोणी लिहिल्या व केव्हा लिहिल्या याची चौकशी न करता बायॉस सारा ताबा त्यांच्याकडे सोपविते. मग या आज्ञा उरलेली परिचालन प्रणाली तबकडीवरून आणतात आणि अखेरीस वापरणाऱ्यास आपल्या फायली दिसू लागतात.

या साखळीत जो आधी येतो तो नंतर येणाऱ्यांना हवे ते दाखवू शकतो. विषाणू प्रारंभ खंडात शिरला, तर तो परिचालन प्रणालीच्या आधी स्मृतीत जाऊन बसतो आणि तबकडीवरील वाचन-लेखनाची जी सेवा बायॉस पुरविते तिच्या वाटेवर स्वतःला उभे करतो. पुढे विषाणुरोधक आज्ञावलीने ‘पहिला सेक्टर वाचून दाखव’ अशी मागणी केली की ती मागणी विषाणूकडूनच जाते. तो आधीच अन्यत्र लपवून ठेवलेल्या निरोगी मूळ सेक्टराची प्रत तिच्यापुढे ठेवतो. तपासणारी आज्ञावली कितीही चांगली असली, तरी तिला ‘रोग नाही’ असेच उत्तर मिळते. यावर उपाय एकच, तो म्हणजे साखळीचा आरंभ विषाणूच्या हाती जाऊ न देणे.

आरंभीचे विषाणू : तबकडीच्या प्रारंभ खंडातून पसरणारा पहिला प्रसिद्ध विषाणू ‘एल्क क्लोनर’ हा होय. अमेरिकेतील रिचर्ड स्क्रेन्टा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने १९८२ मध्ये तो ॲपल-२ संगणकासाठी लिहिला. बाधित फ्लॉपीवरून पन्नासाव्यांदा संगणक सुरू केला की पडद्यावर एक कविता उमटे, एवढाच त्याचा उपद्रव होता. अशा आज्ञावल्यांस ‘संगणक विषाणू’ ही संज्ञा १९८३–८४ मध्ये फ्रेड कोहेन यांच्या संशोधनातून रूढ झाली. हा शब्द त्यांना त्यांचे मार्गदर्शक लेनर्ड ॲडलमन यांनी सुचविला होता. दिलेली कोणतीही आज्ञावली विषाणू आहे की नाही, हे अचूकपणे सांगणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, असे कोहेन यांनी गणिताने दाखविले. म्हणजे बाहेरून तपासले तरी सर्व विषाणू सापडतीलच असे नाही. बचाव तबकडीने फक्त तपासणाऱ्याच्या डोळ्यांवरची पट्टी निघते. त्याची दृष्टी अधिक तीक्ष्ण होत नाही.

आयबीएम धर्तीच्या संगणकांवरील पहिला मोठा विषाणू ‘ब्रेन’ हा १९८६ च्या प्रारंभी लाहोर येथे बासित फारूक अल्वी व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी तयार केला. त्यात त्यांनी आपल्या दुकानाचा पत्ताही घातला होता. ‘ब्रेन’ फक्त ३६० किलोबाइट धारणेच्या फ्लॉपींना बाधा करी, हार्ड डिस्कला नाही. परंतु प्रारंभ खंड वाचू पाहणाऱ्यास मूळ खंडाची प्रत दाखविण्याची वर सांगितलेली युक्ती त्याने प्रथम वापरली. त्यानंतर १९८७ मध्ये न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे आढळलेल्या ‘स्टोन्ड’ विषाणूने हार्ड डिस्कच्या सर्वांत पहिल्या सेक्टरात, म्हणजे जेथे तबकडीच्या विभागांची सारणी असते तेथे, ठाण मांडले.

या विषाणूंचा प्रसार कसा होई हे सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी पुष्कळ गैरसमज होते. ज्या फ्लॉपीवर केवळ पत्रे वा हिशेब आहेत आणि एकही आज्ञावली नाही, तिच्यातून बाधा होणार नाही असे अनेकांस वाटे. वस्तुतः प्रत्येक फ्लॉपीला प्रारंभ खंड असतोच. अशी फ्लॉपी खाचेत राहून गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला, तर ‘या फ्लॉपीवर प्रणाली नाही, दुसरी घालून कळ दाबा’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर येई. ही सूचना लिहिण्याचे काम फ्लॉपीचा प्रारंभ खंडच करीत असल्याने, ती दिसेपर्यंत त्या खंडातील विषाणू हार्ड डिस्कवर जाऊन बसलेला असे. वापरणारा निर्धास्तपणे फ्लॉपी काढून घेई आणि कामाला लागे.

‘जोशी’ विषाणू : बचाव तबकडीच्या वापराचे नियम कशामुळे कडक झाले हे समजण्यास भारतात जून १९९० मध्ये वेगळा काढण्यात आलेला ‘जोशी’ हा विषाणू उत्तम उदाहरण आहे. तो सव्वापाच इंची फ्लॉपींच्या प्रारंभ खंडास आणि हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरास बाधा करी. दरवर्षी ५ जानेवारीस तो संगणक अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकलिखित करण्यास सांगे. वापरणाऱ्याने ती शुभेच्छा मुकाट्याने टंकली की संगणक पुन्हा पूर्ववत चालू लागे. हे आडनाव महाराष्ट्रात घरोघरी परिचित असले, तरी ते गुजरातेत व उत्तराखंडातही आढळते. तेव्हा नावावरून कर्त्याच्या प्रांताविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

तांत्रिक दृष्ट्या हा विषाणू त्याच्या विनोदापेक्षा पुष्कळच गंभीर होता. त्याचा पहिला भाग प्रारंभ खंडात असे, तर उरलेला भाग ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर नेहमीच्या चाळीस मार्गांपलीकडे एक्केचाळिसावा मार्ग स्वतः आखून तेथे लिहिलेला असे. सामान्य आज्ञावल्या या मार्गाकडे फिरकत नसत. स्मृतीत तो सु. ६ किलोबाइट जागा व्यापी. त्यामुळे चेकडिस्क ही आज्ञा दिल्यास एकूण स्मृती तेवढी कमी दिसे आणि जाणत्यास संशय येई. प्रारंभ खंड वाचू पाहणाऱ्यास तो ‘ब्रेन’प्रमाणेच मूळ खंड दाखवी. याशिवाय कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो स्मृतीतून जात नसे. कळफलकाकडून येणारा संदेश तो मध्येच पकडी आणि यंत्र नव्याने सुरू झाल्याचा भास निर्माण करून स्वतः जागेवर राही.

याचा परिणाम असा झाला की, स्वच्छ फ्लॉपी घालून तीन कळांनी संगणक ‘पुन्हा सुरू’ करणारा मनुष्य आपण बाहेरून तपासणी करीत आहोत अशा समजुतीत असे, परंतु तपासणी विषाणूच्या देखरेखीखालीच चाले. त्या फ्लॉपीला लेखनबंदी केलेली नसेल तर तीही बाधित होई आणि मग तीच फ्लॉपी घेऊन तो शेजारचा संगणक तपासण्यास जाई. एकच फ्लॉपी दहा-वीस संगणकांना लावण्याची पद्धत त्या काळी आपल्याकडील प्रशिक्षण वर्गांत व कार्यालयांत सर्रास होती. तेव्हा औषध देणाऱ्याच्या हातूनच रोग पसरण्याचा धोका किती मोठा होता हे सहज ध्यानात येईल. म्हणून संगणकाची वीज पूर्णपणे बंद करावी, काही सेकंद थांबावे, लेखनबंदी केलेली फ्लॉपी घालावी आणि मगच वीज सुरू करावी, असा दंडक पडला. तपासणी संपेपर्यंत हार्ड डिस्कवरील एकही आज्ञावली चालवू नये, ही त्याची दुसरी बाजू होय. हा दंडक पुष्कळांना कर्मकांडासारखा वाटे; परंतु त्यातील प्रत्येक पायरीमागे एखाद्या विषाणूने शिकविलेला धडा आहे.

लेखनबंदीची योजना अगदी साधी होती. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली, अथवा साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातील सरकपट्टी सरकवून छिद्र उघडे केले, म्हणजे चालक यंत्रातील विद्युत् मंडल लेखनाचा प्रवाहच पुढे जाऊ देत नसे. हे बंधन यंत्ररचनेतच असल्यामुळे कोणत्याही आज्ञावलीस ते मोडता येत नसे. पुढील काळातील बहुतेक पेन ड्राइव्हांत अशी सोय ठेवलेली नाही. या बाबतीत नवे माध्यम जुन्यापेक्षा कमी प्रतीचे ठरले, असे म्हणणे भाग आहे.

‘मायकेलअँजेलो’ आणि पुण्यातील उद्योग : विषाणुरोधक फ्लॉपी सर्वसामान्यांच्या हाती पडण्यास ‘मायकेलअँजेलो’ विषाणूची भीती कारणीभूत झाली. ‘स्टोन्ड’पासून बनविलेला आणि १९९१ मध्ये आढळलेला हा विषाणू ६ मार्च रोजी, म्हणजे त्या इटालियन कलावंताच्या जन्मदिनी, तबकडीचा प्रारंभीचा भाग पुसून टाकी. १९९२ च्या त्या दिवशी लक्षावधी संगणक बंद पडतील अशी भाकिते पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात हानी काही हजारांपुरतीच राहिली. या गाजावाजामुळे विषाणुरोधक आज्ञावल्यांचा व्यापार मात्र वाढला. पुण्यात कैलास काटकर व संजय काटकर या बंधूंनी यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायातून, ग्राहकांच्या संगणकांतील विषाणू काढता काढता, ‘क्विक हील’ ही आज्ञावली १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात विकसित केली. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने चालणारा हा उद्योग पुढे क्विक हील टेक्नॉलॉजीज या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यांच्या आज्ञावलीतही संगणक बाहेरून सुरू करून तपासण्यासाठी ‘इमर्जन्सी डिस्क’ तयार करण्याची सोय ठेवण्यात आली.

उपचारातील अपाय : बाहेरून तपासणी केली म्हणजे काम निर्धोक झाले, ही समजूत फार काळ टिकली नाही. एमएस-डॉसच्या ५ व्या आवृत्तीपासून (१९९१) एफडिस्क या आज्ञेत हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरातील आज्ञा नव्याने लिहिण्याची, माहितीपुस्तकात न दिलेली, सोय होती. बचाव फ्लॉपीवरून ती एकदा दिली की ‘स्टोन्ड’सारखा विषाणू क्षणात नाहीसा होई, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांत ती अत्यंत लोकप्रिय झाली. विषाणूंच्या कर्त्यांनी नेमका याच सवयीचा फायदा घेतला. ‘मंकी’ हा विषाणू तबकडीच्या विभागांची सारणी सांकेतिक रूपात दुसरीकडे हलवी. तो स्मृतीत असेपर्यंत सर्व काही सुरळीत दिसे. स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करताच ‘सी’ ही तबकडी अस्तित्वातच नाही असा संदेश येई. तबकडी निकामी झाली असे समजून ती पुसून नव्याने आखणारे महाभागही होते.

याहून कपटी विषाणू ‘वन हाफ’ हा स्लोव्हाकियात उगम पावून १९९४ पासून पसरला. संगणक दर वेळी सुरू होताना तो हार्ड डिस्कच्या शेवटाकडून दोन-दोन सिलिंडर एवढा मजकूर कूटबद्ध करीत पुढे सरके. वापरणाऱ्याने त्या भागातील फाईल मागितली की तो ती तत्क्षणी उलगडून देई, म्हणून आठवडेच्या आठवडे कोणाच्या काही लक्षात येत नसे. अर्धी तबकडी अशी आटोपली म्हणजे तो आपल्या नावाचा संदेश पडद्यावर दाखवी. कूट उलगडण्याची किल्ली विषाणूने पहिल्या सेक्टरात लिहिलेल्या मजकुरातच ठेवलेली असे. आता एखाद्याने सर्व दंडक पाळून, वीज बंद करून, लेखनबंदी केलेल्या फ्लॉपीवरून संगणक सुरू केला आणि पहिला सेक्टर स्वच्छ केला, तर विषाणू जाई व त्याच्याबरोबर किल्लीही जाई. कूटबद्ध झालेला भाग तसाच राही, आणि तो वाचू शकणारा एकमेव दुभाष्या दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच्या हाताने नष्ट केलेला असे. ज्याने काहीच केले नाही त्याच्या फायली निदान त्या दिवशी तरी उघडत होत्या. या विषाणूवर उपचार करणाऱ्या चांगल्या आज्ञावल्या प्रथम किल्ली वाचून घेत, सर्व सिलिंडर उलगडत आणि त्यानंतरच पहिल्या सेक्टराला हात लावीत. ‘पुसण्यापूर्वी प्रत घ्या’ हा नियम येथून दृढ झाला.

फ्लॉपीकडून सीडीकडे : १९९० च्या दशकाच्या अखेरीस फ्लॉपीचे सामर्थ्य संपत आले. विषाणूंच्या खुणांची यादी १.४४ मेगाबाइटमध्ये मावेनाशी झाली, आणि विंडोज एनटी व तिच्या वंशातील विंडोज २०००, एक्सपी या प्रणालींनी वापरलेली एनटीएफएस ही फाईल-रचना डॉसला वाचताच येत नव्हती. डॉसच्या फ्लॉपीवरून सुरू केलेल्या संगणकाला अशी तबकडी कोरीच वाटे. यातून दोन मार्ग निघाले. फिनिक्स व आयबीएम या कंपन्यांनी जानेवारी १९९५ मध्ये सीडीवरून संगणक सुरू करण्याचे मानक प्रसिद्ध केले होते. त्यास ‘एल तोरितो’ हे एका उपाहारगृहाचे नाव मिळाले. दुसरीकडे लिनक्स ही मुक्त प्रणाली प्रगत झाली होती. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये तयार केलेल्या ‘क्नॉपिक्स’ने सु. २ गिगाबाइट ऐवज दाबून एका सीडीत बसविला आणि हार्ड डिस्कला स्पर्श न करता संपूर्ण प्रणाली स्मृतीत चालविता येते हे सर्वांना दाखविले. नेदर्लंड्समधील बार्ट लागरवेय यांनी विंडोजच्याच फायलींपासून अशी सीडी बनविण्याची आज्ञावली दिली. लिनक्समधून एनटीएफएसवर भरवशाने लिहिणे मात्र २००७ मध्ये एनटीएफएस-३जी ही आज्ञावली पक्की झाल्यानंतरच सुकर झाले. तोपर्यंत अनेक सीडींना रोग दिसे पण काढता येत नसे.

कॅस्परस्की व डॉक्टर वेब (रशिया), अविरा (जर्मनी), बिटडिफेंडर (रूमानिया) इ. कंपन्यांनी पुढे लिनक्सवर आधारलेल्या आपापल्या बचाव सीडी विनामूल्य उपलब्ध करून दिल्या. मायक्रोसॉफ्टनेही २०११ मध्ये असेच साधन काढले व त्यास नंतर ‘विंडोज डिफेंडर ऑफलाइन’ हे नाव दिले. सीडी एकदा लिहिली की बदलत नाही, हा तिचा मोठा गुण; परंतु तिच्यावरील विषाणूंची यादीही बदलत नाही, हा तितकाच मोठा दोष होय. सहा महिन्यांपूर्वीच्या सीडीला गेल्या आठवड्यातील विषाणू ओळखता येत नाही. म्हणून संगणक सुरू झाल्यावर इंटरनेटवरून नवी यादी स्मृतीत उतरवून घेण्याची सोय करण्यात आली. ज्या ठिकाणी जोडणी नव्हती तेथे तपासणी अपुरीच राही. तसेच अशी सीडी निरोगी संगणकावरच तयार केली पाहिजे, ही साधी गोष्ट घरात एकच संगणक असणाऱ्या माणसाला पाळणे अवघड जाई. २००८ च्या अखेरीस पसरलेला ‘कॉन्फिकर’ तर विषाणुरोधक कंपन्यांची संकेतस्थळे उघडूच देत नसे, त्यामुळे सीडी मिळविण्यासाठी शेजाऱ्याचे दार ठोठावण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आतील व बाहेरील दृश्य : बचाव तबकडीच्या तत्त्वाला सर्वांत नेमके रूप मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने २००५ च्या सुमारास ‘स्ट्रायडर घोस्टबस्टर’ या प्रयोगात दिले. विंडोज चालू असताना तिच्याकडून तबकडीवरील सर्व फायलींची यादी घ्यावयाची, मग स्वच्छ सीडीवरून संगणक सुरू करून त्याच तबकडीची यादी पुन्हा करावयाची आणि दोन्ही याद्या ताडून पाहावयाच्या, अशी ही पद्धत होती. बाहेरून दिसणारी परंतु आतून न दिसणारी फाईल कोणीतरी लपवीत आहे हे उघड होते. त्यासाठी त्या विषाणूची पूर्वओळख असण्याची गरज नाही. लपण्याची कला हाच येथे ओळखण्याचा पुरावा ठरतो. प्रणालीच्या गाभ्यात शिरून फायली लपविणाऱ्या अशा आज्ञावल्यांस रूटकिट म्हणतात. त्यांचा बोलबाला त्याच वर्षी झाला. सोनी बीएमजी कंपनीच्या संगीताच्या सीडी संगणकात घातल्या असता प्रतिबंधक म्हणून अशी आज्ञावली गुपचूप बसविली जाते, असे मार्क रसिनोविच यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये उघडकीस आणले. २००७ नंतर ‘मेब्रूट’ आणि २०१० मध्ये ‘टीडीएल-४’ या रूटकिटांनी पुन्हा हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टराचा आश्रय घेतला. वीस वर्षांपूर्वी ‘स्टोन्ड’ने धरलेली तीच जागा होती.

बाहेरील तपासणीत काही गोष्टी निसटतात हेही खरे. तबकडीवर निद्रिस्त पडलेली आज्ञावली काय करते हे तिच्या वागणुकीवरून ताडता येत नाही. जानेवारी २००३ मधील ‘स्लॅमर’सारखा जंतू केवळ स्मृतीत राही व वीज बंद होताच नाहीसा होई, बचाव सीडीला त्याचा मागमूसही लागत नसे. खंडणीसाठी फायली कूटबद्ध करणाऱ्या, २०१३ नंतर बोकाळलेल्या विषाणूंच्या बाबतीत बचाव तबकडी विषाणू काढू शकते, फायली मात्र परत आणू शकत नाही. ‘वन हाफ’ची किल्ली त्याच तबकडीवर असे, या नव्या विषाणूंची किल्ली खंडणीखोराकडे असते.

तबकडीच्याही आधी : बचाव तबकडी ज्या पायावर उभी आहे तो पाय म्हणजे बायॉस निरोगी आहे हे गृहीत होय. तैवानमधील चेन इंगहाउ या विद्यार्थ्याने लिहिलेल्या ‘सीआयएच’ विषाणूने २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक संगणकांतील बायॉसचा मजकूरच खराब केला. असे यंत्र सुरूच होत नसल्याने त्यात कोणतीही तबकडी घालून उपयोग नव्हता. मुख्य फलकावरील चकती बदलावी वा दुसऱ्या उपकरणाने पुन्हा लिहावी लागे. बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआय या रचनेतच वास्तव्य करणारा ‘लोजॅक्स’ २०१८ मध्ये ईसेट या कंपनीस आढळला. तो तबकडीवर नसल्यामुळे तबकडी कितीही वेळा स्वच्छ केली, इतकेच नव्हे तर नवी बसविली, तरी परत येतो.

यावर तोडगा म्हणून २०१२ पासून, विंडोज ८ च्या आगमनाबरोबर, ‘सिक्युअर बूट’ ही पद्धत प्रचारात आली. आरंभीच्या आज्ञेवर मान्यताप्राप्त अंकीय स्वाक्षरी असल्याखेरीज यंत्र ती चालवीत नाही. १९८१ च्या बायॉसने न विचारलेला ‘हे कोणी लिहिले?’ हा प्रश्न येथे प्रथमच विचारला गेला. पण दार बंद झाले ते सर्वांनाच. ज्यांवर स्वाक्षरी नव्हती त्या जुन्या बचाव सीडी नव्या यंत्रांनी नाकारल्या आणि त्या चालविण्यासाठी हे संरक्षण तात्पुरते बंद करावे लागू लागले. याउलट मार्च २०२३ मध्ये ईसेटने वर्णन केलेला ‘ब्लॅकलोटस’ विषाणू रीतसर स्वाक्षरी असलेल्या, पण सदोष अशा जुन्या आज्ञावलीच्या आधारे याच दारातून आत शिरला.

तबकडीचे कूटीकरण ही दुसरी अडचण होय. विंडोजमधील ‘बिटलॉकर’ योजनेत संपूर्ण हार्ड डिस्क कूटबद्ध असते. संगणक चोरीस गेला तर माहिती सुरक्षित राहावी हा तिचा हेतू; परंतु बाहेरून सुरू केलेल्या प्रणालीच्या दृष्टीने चोर आणि वैद्य यांत फरक नाही. ४८ अंकी पुनःप्राप्ती क्रमांक हाताशी असल्याशिवाय बचाव तबकडीला आतील एकही फाईल दिसत नाही.

याचा प्रत्यय १९ जुलै २०२४ रोजी मोठ्या प्रमाणावर आला. त्या दिवशी कारण विषाणू नव्हते, तर विषाणूंपासून रक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक कंपनीच्या आज्ञावलीची एक सदोष फाईल होती. तिच्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सु. ८५ लाख विंडोज संगणक सुरू होता होताच कोसळू लागले. विमानसेवा, रुग्णालये व बँका यांचे व्यवहार विस्कळित झाले. उपाय फक्त ती एक फाईल पुसण्याचा होता, पण प्रणाली सुरूच होत नसल्याने तो दुरून करता येईना. तंत्रज्ञांना यंत्रामागून यंत्रापाशी जाऊन, पुष्कळ ठिकाणी मायक्रोसॉफ्टने तातडीने उपलब्ध करून दिलेल्या पेन ड्राइव्हवरील साधनाने ते सुरू करावे लागले आणि बिटलॉकर असेल तेथे ४८ अंक एकेक करून टंकावे लागले. काही कार्यालयांत हे क्रमांक ज्या संगणकावर साठविले होते तोही त्याच फाईलमुळे बंद पडलेला होता.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने ‘क्विक मशीन रिकव्हरी’ ही योजना जाहीर केली. तीत सुरू न होणारा संगणक आपल्याच तबकडीच्या एका राखीव विभागातील छोटी प्रणाली चालू करतो आणि इंटरनेटवरून दुरुस्ती मागवून घेतो. बाहेरून काही घालावे लागत नाही. २०१६ पासून विंडोज १० मधील ‘ऑफलाइन’ तपासणीही याच राखीव विभागातील प्रणालीतून चालते. हा विभाग मूळ प्रणालीच्या तबकडीवरच असतो आणि त्यावर लिहिता येते.